जगनआजाने शिवलेला मासा

उजवा हात वर करा बरं. मनातल्या मनात नको, खरंच करा. शेजारी बसून कोणी हसत असेल तर त्यालाही करायला सांगा. आता कल्पना करा, की त्या हातावर बाबांचा जुना मोजा चढवलाय. अंगठा हा एक हात, करंगळी हा दुसरा. मधल्या बोटावर सूत संपलेली लाकडी बॉबिन, तिच्यावर शाईने काढलेले डोळे आणि खाली कापसाची दाढी. झाला तुमचा योना. हात खाली करू नका, तो पडेल.

योना हा बायबलमधला माणूस. देव त्याला म्हणाला, निनवे शहरात जा आणि तिथल्या लोकांना नीट वागायला सांग. योनाला ते लोक मुळीच आवडत नव्हते. तो मुकाट्याने उलट्या दिशेच्या गलबतात जाऊन बसला. मग वादळ झालं, खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं आणि एका मोठ्या माशाने गिळलं. तीन दिवस माशाच्या पोटात बसल्यावर त्याला आपली चूक कळली आणि माशाने त्याला किनाऱ्यावर ओकून टाकलं. हे ओकणं तेवढं लक्षात ठेवा. सगळा घोटाळा तिथेच झाला.

गिरण्यांच्या संपाचं ते दुसरं वर्ष. भोंगे वाजत नव्हते, त्यामुळे परळमध्ये किती वाजले हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. बाबा लोक घरी आणि आई लोक त्यांना कंटाळलेल्या. मी आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत रविवारची शाळा घ्यायचे. चर्चची मुलं सात, आणि चाळीतली नुसती बाहुल्या बघायला येणारी तीस. येऊ देत की. गोष्ट ऐकायला कोणाला कधी अडवायचं नाही, असा माझा नियम होता.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे मुख्य, रमाकांतसाहेब. माणूस सज्जन, पण बाहुल्या म्हटल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

"शांताबाई," ते म्हणाले, "मी एक रविवार येऊन बसतो. गोष्ट शास्त्रात आहे तशी झाली तर बाहुल्या राहू देत. नाहीतर त्या पेटीत जातील."

ही पेटी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक. आत जुने पडदे आणि डांबराच्या गोळ्या.

गुणवंतीने हे ऐकलं. ती नऊ वर्षांची. योना तिनेच बनवला होता आणि तो तिच्याच हातावर असायचा. तिची आई शेवंता लालबागच्या बाजारात मासे विकायची.

"टीचर, पेटीत त्याचा जीव घुसमटेल," ती म्हणाली.

"अगं, तो माशाच्या पोटात तीन दिवस राहतो."

"माशाचा वास चालतो. डांबराच्या गोळ्यांचा नाय चालत."



मासा मात्र आमच्याकडे नव्हता. तालमीत आम्ही उशीचा अभ्रा वापरत होतो. तो बघून शेवंता म्हणाली, "हा कसला मासा बाई? ना पापलेट, ना सुरमई. माझ्या बापाला सांगते." तिचे वडील जगनआजा वरळीच्या कोळीवाड्यात राहायचे. जाळी विणण्यात आणि खेकड्यांचे पिंजरे बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आठ दिवस ते खपत होते आणि मासा घेऊन आले ते थेट खेळाच्या सकाळी.

मासा सुंदर होता. हातभर लांब, वेताच्या कड्यांवर जाळं, जाळ्यावर चंदेरी कापड, मागे मोठी शेपटी. फक्त डोळे नव्हते.

"डोळं कशाला? पिंजऱ्याला कधी डोळं असतात?" जगनआजा म्हणाले.

मी माझ्या जुन्या कोटाची दोन मोठी बटणं सेफ्टी पिनांनी लावली. मासा आमच्याकडे बघू लागला. तालमीला वेळ उरलाच नाही.

खेळ सुरू झाला. दोन खुर्च्यांमध्ये चादर बांधलेली, मागे गुणवंती आणि मासा धरणारा हेरंब. समुद्र होता गिरणीच्या साचेखात्यात माग चालवणाऱ्या राजारामभाऊंकडे. त्यांची निळी लुंगी एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने मी हलवत होतो. दीड वर्ष हाताला काम नसलेला माणूस, त्यांनी असं वादळ केलं की पहिल्या रांगेतल्या पोरांचे केस उडाले. रमाकांतसाहेब पुढेच खुर्चीवर, मांडीवर बायबल उघडं, आणि बोट योनाच्या ओळीवर.

हेरंबच्या बोटांवरच्या खलाशांनी योनाला उचललं आणि लुंगीत टाकलं. आता लालबाग-परळच्या पोरांना समुद्रात काहीतरी बुडताना दिसलं, तर ती काय म्हणणार? तीस पोरं एका सुरात म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर या."

साहेबांचं बोट ओळीवरून हललं. मी घाईने म्हणाले, "आणि इतक्यात आला मासा."

हेरंबने मासा पुढे केला आणि योना तोंडातून सरळ आत गेला, गुणवंतीच्या कोपरापर्यंत. टाळ्या झाल्या. मी पहिला दिवस सांगितला, दुसरा सांगितला, तिसरा सांगितला. योना काही येईना.

चादरीमागून आवाज आले.

"ओढ ना."

"ओढतेय."

"मग जोरात ओढ."

"तू मासा नीट धर. माझ्याबरोबर तूच येतोयस."

"मग चौथा दिवस उजाडला," मी म्हणाले.

"शांताबाई, तीनच," साहेब म्हणाले.

मी चादरीमागे डोकावले. माशाच्या तोंडात वेताच्या काड्या होत्या, सगळ्या आतल्या बाजूला वळवलेल्या. खेकड्याच्या पिंजऱ्याला असतात तशाच. आत जाताना वाकून वाट देतात आणि बाहेर येताना वाट अडवतात. हात दुखत नव्हता, पण निघतही नव्हता.

"टीचर, पोट फाडा," एक पोरगा ओरडला. दुसऱ्याला माशाची अंडी आवडायची, तो म्हणाला, "गाबोळी निघाली तर मला."

मागे भिंतीला टेकून बसलेले जगनआजा उठले. "कोन म्हनला फाडा? आठ दिस शिवलाय मी."

"अहो आजा, योना तोंडातून बाहेर यायला हवा," मी म्हणाले.

"तोंडातनं? तोंडातनं भायेर आला तर पिंजरा कसला, ती धर्मशाळा. शेपटाकडं गाठ हाय, ती सोडा. माल मागनंच काढतात."

मग माशाच्या मागून म्हणजे नेमकं कुठून, हे सगळ्या खोलीला एकदम कळलं. पोरं जमिनीवर लोळली. हेरंब हसला, त्यामुळे मासाही गदगदा हसला. राजारामभाऊंच्या हातून समुद्र सुटला आणि माझ्या पायावर पडला.

रमाकांतसाहेब उभे राहिले. "शांताबाई, शास्त्रात माशाने त्याला ओकून टाकलं असं आहे. आता हे जे होऊ घातलंय, ते शास्त्रात कुठेही नाही." आणि त्यांनी जाऊन ट्रंकेचं झाकण उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

तो वास चादरीमागे पोचला असावा, कारण तिथली ओढाताण एकदम थांबली.

"हेरंब, पिना काढ," गुणवंतीचा आवाज आला.

"कुठल्या?"

"डोळ्यांच्या. इकडे लाव. अरे, बोटाला नको टोचू. इकडे, शेपटीजवळ. आणि ती शेपटी सोडव, ह्या टोकाला बांध."

बराच वेळ खुडबुड झाली. पोरं हसायची थांबली. साहेब झाकण धरून उभे होते.

मग चादरीच्या वर मासा आला. डोळे आता पुढच्या टोकाला होते, जिथे मघाशी शेपटी होती. शेपटी गुणवंतीच्या कोपराशी होती, जिथे मघाशी तोंड होतं.

"मासा वळला," गुणवंती म्हणाली. "किनारा त्या बाजूला होता."

तिने दातांनी गाठ सोडली आणि ढेकर दिला. असा ढेकर, की बांगड्याचं कालवण आणि चार वाट्या भात जेवलेला गडीही मान खाली घालेल. त्याबरोबर दोन बटणांच्या खालून योना बाहेर पडला. दाढी कानाशी आली होती. त्याने दोन्ही इवले हात जोडले. "चुकलो. जातो निनवेला."

"बगा," जगनआजा शेजाऱ्याला म्हणाले, "गाठीतनंच आला का नाय?"

रमाकांतसाहेबांनी माशाकडे पाहिलं. झाकण तसंच उघडं टाकून ते पुढे आले, खुर्चीवर उलटं पडलेलं बायबल उचललं, ओळ शोधली, पुन्हा माशाकडे पाहिलं.

"ओकला, हे मात्र खरं," ते म्हणाले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते त्यांनी खोकून झाकलं. मग ते थेट योनाला म्हणाले, "काय रे, निनवेला कधी निघतोस?"

गुणवंती चादरीबाहेर आली. कोपरापर्यंत मासा, माशाच्या तोंडात योना. ती पोरांमधून वाट काढत सरळ ट्रंकेपाशी गेली, डाव्या हाताने झाकण लावलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसली.