मागच्या सीटवरचं वजन

गॅरेजमधलं माझं काम म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर बसणं. हसू आलं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे.

आमच्याकडे लोक महागड्या, लांबलचक गाड्या आणतात आणि चांगली धडधाकट चाकं काढून त्याहून मोठी बसवून घेतात. अठरा इंची जातात, एकवीस इंची येतात. का, तर गाडी उठून दिसते. रिम मोठी झाली की टायरचं रबर पट्टीएवढं उरतं, आणि टायर रुंद असल्यामुळे जरा बाहेर येतो. गाडी रिकामी उभी असते तोवर सगळं झकास. मागे माणसं बसली, गाडी दबली, की तोच टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. ती कड दुमडलेल्या पत्र्याची असते, सुरीच म्हणा. टायर रोज थोडा थोडा कापला जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. कळतं ते भर वेगात, टायर फुटल्यावर.

म्हणून चाकं बसवली की मागे वजन टाकून बघायचं. दुसऱ्या गॅरेजात वाळूच्या गोण्या टाकतात. आमच्याकडे मी आहे. मला पोतं म्हणतात. हे नाव दाजींनी ठेवलं. दाजी म्हणजे गॅरेजचे मालक, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा.

पूर्वी मी इथलाच फिटर होतो. चार वर्षांपूर्वी जॅक सुटला आणि गाडी माझ्या गुडघ्यावर बसली. जॅकमधून तेल गळतंय हे मी दाजींना आठवडाभर सांगत होतो. पुढे चौदा महिने ताईच्या घरी आतल्या खोलीत भिंतीकडे बघत पडून होतो. उठलो तेव्हा एकशे एकतीस किलो भरलो. दाजी म्हणाले, "चला, काही वाया गेलं नाही. गोण्या उचलायचा त्रास वाचला." ताई हसली. तिचं ते हसणं मी विसरलेलो नाही.

मला एकच गोष्ट हवी होती, चाकं बॅलन्स करायच्या मशीनसमोरचं स्टूल. कुणी चाक चढवून दिलं की पुढचं सगळं काम बसून होतं. चाक फिरवायचं, कुठे हलकं आहे ते बघायचं, तिथे शिशाचा तुकडा ठोकायचा. गुडघा गेला असला तरी हात शाबूत आहेत माझे. मशीनवरचा माणूस काम सोडून गेल्याला महिना झाला होता. मी रोज विचारायचो आणि दाजी रोज म्हणायचे, बघू.

मग एका शनिवारी एक दातांचे डॉक्टर आले. त्यांची काळी कुळकुळीत गाडी इतकी लांब की शटरच्या आत मावेना, ढुंगण बाहेर रस्त्यावर. उंच्याने एकवीस इंची चाकं चढवली. उंच्या म्हणजे आमचा दुसरा फिटर. अंगाने सहा फूट, डोक्याने जेमतेम दोन.

"पोत्या, बस," दाजी म्हणाले.

"थांबा थांबा," डॉक्टरांनी आधी सीटवर टॉवेल अंथरायला लावला. मी बसलो. दाजींनी गाडी दारातल्या उतारावरून दोनदा मागेपुढे घेतली. कागद फाटल्यासारखा आवाज आला. तो बाहेर उभ्या असलेल्याला ऐकू येत नाही, आत बसलेल्याला बुडाखाली कळतो.

"लागतंय," मी म्हणालो. "मागे, डावीकडे. कड आत वळवावी लागेल."

"अहो, हे धूड बसवल्यावर रणगाडासुद्धा घासेल," डॉक्टर म्हणाले. "आमचं अख्खं घर एवढं भरत नाही."

"बायको, दोन मुलं, सासूबाई, वर सामान," मी म्हणालो. "आणि रस्त्यात खड्डा."

"सासूबाई असतील तर लागू दे की!"

उंच्या खिंकाळला. दाजीही हसले, पण त्यांचं लक्ष टायरकडे होतं. धंद्यातलं त्यांना कळतं, माणसातलं कळत नाही एवढंच. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"जमेल तुला कड वळवायला?"

"जमेल."

"रंग तडकला तर?"

"नाही तडकणार."

"तडकला तर तू आणि तुझी गादी, दोन्ही रस्त्यावर. तुझ्या ताईलाही विचारणार नाही मी."

"आणि नाही तडकला तर?"

दाजींनी मान खाजवली. "तर सोमवारपासून स्टूल तुझं. बस?"

चार वर्षांनी मी हातात हत्यार घेतलं. चाक काढून घेतलं, कड दाबून वळवायच्या रोलरचा दांडा चाकाच्या जागी बोल्टने आवळला, आणि गरम हवेच्या गनने मडगार्डची कड शेकायला लागलो. यात घाई करणारा मरतो. रंग गार असेल तर अंड्याच्या कवचासारखा तडकतो, फार तापला तर फुगतो. हाताची मागची बाजू लावून बघायची. चटका बसतोय पण हात काढावासा वाटत नाही, तेवढंच ऊन हवं. मग रोलर दाबत न्यायचा, केसाएवढा. परत शेकायचं, परत केसभर. बुटक्या पाटावर बसून मी दोन तास हे केलं. डावी झाली, उजवीही केली. रंगावर साधी रेघ नाही. उंच्यासुद्धा वाकून बघत होता.

चाकं चढवून मला पुन्हा मागे बसवलं. गाडी उतारावरून गेली. आवाज नाही.

"असा नुसता बसू नको," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मोबाइल काढला होता. "उड्या मार."

मी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "मार ना. साहेब सांगतायत."

मी उड्या मारल्या. बसल्याबसल्या, पुढच्या सीटला धरून. प्रत्येक उडीला गुडघ्यात खिळा ठोकल्यासारखं होत होतं. "अजून! जोरात!" डॉक्टर खिडकीतून ओरडत होते, गाडी डुलत होती, माझं पोट हनुवटीला लागत होतं. टायर कुठेही लागला नाही.

"मानलं बुवा," डॉक्टर खाली वाकून कड बघत म्हणाले. "कुणाच्या हातचं काम हे?"

"माझ्याच," दाजी म्हणाले. "असली कामं मी दुसऱ्याला देत नाही."

मी मागे धापा टाकत बसलो होतो. तोंड उघडलं नाही. सोमवार जवळ होता.

सोमवारी स्टूलवर उंच्या बसला होता.

"दाजी?"

"अरे, तू मशीनवर बसलास तर गाडीत कोण बसणार?" दाजींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. माझ्या उड्या होत्या. डॉक्टरांनी वर गाणं लावून ते सगळीकडे पाठवलं होतं. बाहेर सात गाड्या उभ्या होत्या. "लोक तुझ्यासाठी येतायत, पोत्या. हिरो झालास."

"आणि कडा कोण वळवणार?"

"उंच्या. तू आतून सांग त्याला."

दुपारी ताई डबा घेऊन आली आणि पिशवीतून टी-शर्ट काढला. माझ्या मापाचा मिळेना म्हणून तिने दोन फाडून एक शिवला होता. पाठीवर छापलं होतं, 'पोतं पास, गाडी पास'.

"हे मी घालणार नाही," मी म्हणालो.

"का? अब्रू जाते?" ताई म्हणाली. "चार वर्षं माझ्या घरात खातोस, तेव्हा कुठे असते अब्रू? हात वर कर."

मी हात वर केले.

गुरुवारी एक पांढरी गाडी आली. नवरा, बायको, दोन मुलं. मोठा असेल आठ वर्षांचा, धाकटी पाचची. उंच्याने मोठी चाकं चढवली, पण कडांना हात लावला नाही. बाहेर रांग होती, त्याला वेळ नव्हता. मी टी-शर्टात मागे बसलो. चारी बाजूंनी मोबाइल वर झाले. मी पहिली उडी मारली आणि आवाज आला.

"लागतंय!"

सगळे खो-खो हसले.

"अजून एकदा म्हणा ना, काका," नवरा म्हणाला. "नीट आलं नाही."

"अहो, खरंच लागतंय. दोन्हीकडे. टायर आतून कापला जाईल, हायवेला फुटेल. मुलं घेऊन जाऊ नका."

"काय मस्त ॲक्टिंग करतात हो!" बायको म्हणाली.

मुलं टाळ्या पिटत नाचायला लागली. "लागतंय! लागतंय!"

दाजींनी खिडकीत तोंड घातलं. "पुरे. उतर."

"दाजी, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"रांग बघ बाहेर. उतर."

मी उतरलो नाही. दुसरं काय होतं माझ्याकडे? वजनच होतं. ते घेऊन सीटवर बसून राहिलो. म्हटलं, मी आत असेतो ही गाडी हलणार नाही. लोकांना त्याचीही गंमत वाटली. दाजी आणि उंच्याने बगलेत हात घालून मला ओढलं. गुडघा दारात अडकला, कट्ट असं काहीतरी वाजलं आणि मी फरशीवर आडवा पडलो. टी-शर्टची शिवण उसवली. तेही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गेलं.

मुलं माझ्यावरून उड्या मारत गाडीत चढली आणि मागच्या सीटवर माझ्यासारखी नाचायला लागली. दाजींनी मडगार्डला कान लावल्यासारखं केलं.

"बघा साहेब, मुलं बसली तर काहीच लागत नाही. त्याचं मनावर घेऊ नका. न्या बिनधास्त."

नवऱ्याने काच वर केली. बायकोने मला हात हलवून टाटा केला. गाडी उतारावरून रस्त्यावर उतरली. माझं डोकं फरशीवर, चाकाच्याच उंचीला होतं, म्हणून मला ऐकू आलं. कागद फाटल्यासारखं, एकदाच.

"ऊठ," दाजी म्हणाले. "पुढची गाडी आत येतेय."