खोक्यात जपलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. जुना म्हटलं की झिजलेली टाच आणि चिखलाचे डाग तुमच्या डोळ्यांसमोर येतील. माझ्या अंगावर त्यातलं फारसं काही नाही. म्हणूनच तर मला मान वर करून बोलवत नाही.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला डोंगर चढण्यासाठी घडवलं होतं. जाड सोल, घोटा सांभाळणारी उंच मान. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी आम्हाला हौसेने घरी आणलं. त्यांच्या मशीनसमोरच्या खिडकीतून दूरचा डोंगर दिसे. कपड्याला टिपा मारता मारता त्या गुणगुणायच्या,

टाक्यामागे टाका, दिस गेला सारा,
खिडकीतला डोंगर घालितो वारा.

पण शिवायचे कपडे काही संपेनात. त्यात लेक झाली. आम्ही खोक्यात शिरून कपाटावर जाऊन बसलो. अधूनमधून बाई आम्हाला खाली काढायच्या, पुसायच्या, शेजारणीला दाखवायच्या. "बघ, अजून नवे कोरे!" मी फुलून जायचो. आतल्या आत माझा डिंक सुकत चालला होता, हे मला कुठे ठाऊक?

लेक मोठी झाली, डोंगर हिंडू लागली. एकदा म्हणाली, "आई, आता तुझ्या डोंगरावर जायचंच. पण आधी हे बूट आठवडाभर घालून फिर."

"बूट घालून केर काढू? आणि आधीच मळवायचे कशाला?"

लेकीने पिशवीत भरपूर पाणी, खाऊ, शिट्टी, विजेरी, मलमपट्टी, रेनकोट आणि चिकटपट्टी भरली. बाई हसल्या. "एका दिवसाला एवढं? वर दुकान मांडणार आहेस का?"

माथा हाकेच्या अंतरावर आला आणि माझा सोल फट्कन सुटला. मी जबडा वासला. मागून येणारा एक जण म्हणाला, "काकू, बुटाला भूक लागली वाटतं!" बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने मला चिकटपट्टीने करकचून बांधलं. मग भावाला दाबून पाहिलं. त्याचाही सोल उचलत होता.

"आई, उतरूया."

"अगं, एवढंसं तर राहिलंय!"

"वर पोचलं तरी खाली यायचं असतं ना? तेही उजेड आहे तोवर."

बाई माथ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल. माझंच चुकलं. नको तेवढं जपलं." आणि त्यांनी माझी नाडी हळूच घट्ट केली. त्यापेक्षा एक शिवी हासडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

आता बाईंनी नवे बूट आणलेत. ते घालूनच त्या मशीन चालवतात. शेजारीण विचारते, "घरात बूट?" तर म्हणतात, "ओळख करून घेतेय."

मित्रांनो, आम्हाला पुसा, वाळवा, पण खोक्यात कोंडू नका. निघण्याआधी आम्हाला वाकवून, दाबून बघा. आमच्या चकाकीवर भुलू नका. ती कष्टाने मिळवलेली नसते.

काल ते नवे बूट माथ्यावरून परतले, चिखलाने पार माखून. बाईंनी त्यांना दाराशी, माझ्या शेजारीच ठेवलं. माझी चिकटपट्टी त्यांना दिसू नये म्हणून मी अंग चोरलं. पण राहवेना. हळूच विचारलं,

"वरून आपली खिडकी दिसते का रे?"