पेपरात आलेली पावलं

कार्त्यायनीने नवऱ्याचा फोटो टेबलावर ठेवला आणि औसेप्पने तो न बघताच तिच्याकडे परत सरकवला.

वेंबनाड सरोवराच्या काठावर पेपराचा वार्ताहर औसेप्पच आणि एजंटही तोच. बातमी लिहायचा तो आणि सकाळी ती घरोघरी टाकायचाही तोच. कार्त्यायनीचा नवरा भार्गवन शिंपले काढायला गेला होता. तीन दिवसांपूर्वी त्याची होडी रिकामीच काठाला लागली. पाणबुडे हवे होते आणि जिल्ह्याच्या गावाहून रोज ‘उद्या’ असं उत्तर येत होतं. पेपरात आलं तर ते हलतील, एवढं तिला कळत होतं.

औसेप्पने तिला समजावलं, की या पाण्यात दरसाल चारपाच जण जातात. मंत्र्याचा मेहुणा बुडाला तर बातमी. बुडालेला माणूस दोन महिन्यांनी लॉटरी विकताना दिसला, तरी बातमी. शिंपलेवाल्याला मिळतो निधनवार्तेच्या पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, आणि त्यालाही आधी प्रेत लागतं.

“प्रेत मिळावं म्हणूनच आले, सार.”

औसेप्पने कान खाजवला. माणूस वाईट नव्हता, आणि खोटं लिहिताना त्याचं अक्षर फार सुरेख यायचं. त्याने लिहिलं: दिवेलागणीला बुडालेल्या भार्गवनची ओली पावलं पाण्यातून निघतात, घरासमोरच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात.

पहिल्या पानावर, चौकटीत छापून आलं. दुपारपर्यंत होड्या भरभरून माणसं उतरली. केळ्याची भजी विकणाऱ्याने तर काठावर चूलच मांडली. गर्दीपाठोपाठ पोलीस, पोलिसांपाठोपाठ आमदार, आणि आमदारांपाठोपाठ पाणबुडे. दुसऱ्या दिवशी भार्गवन सापडला, एका जुन्या जाळ्यात गुरफटलेला. अंगणाच्या दक्षिण कडेला त्याला अग्नी दिला. निधनवार्तेत फोटोही आला, आणि बरा आला.

सोळाव्या दिवसाचं कार्य उरकून कार्त्यायनी पुन्हा कचेरीत आली. औसेप्पला वाटलं, जाब विचारायला आली. त्याने चहा मागवला आणि आपणहूनच सांगून टाकलं.

“चेच्ची, ते पावलांचं मी रचलं होतं. मनावर घेऊ नका.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आधी काही नव्हतं. पेपर आला त्या संध्याकाळपासून येतात.”

औसेप्पने कप खाली ठेवला.

“डावा अंगठा बाहेर वळलेला आहे. त्यांचीच पावलं. पण तुम्ही लिहिलंत तेवढंच येतात. तिसऱ्या पायरीला थांबतात. मी दार उघडं ठेवून बसते, सार. घरात येतात, असं लिहा ना.”

औसेप्प खाली मानेने म्हणाला, की वरचे लोक तेच भूत दोनदा छापत नाहीत. शिळं भूत कोण वाचणार? ती उठली. दारापर्यंत गेली, तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि कागद ओढला. कुणाला वाचायची इच्छा असो वा नसो, पेपराला एक गोष्ट छापावीच लागते.

‘चूक दुरुस्ती,’ त्याने लिहिलं. ‘भार्गवन यांच्यासंबंधीच्या वृत्तात “घरासमोरच्या तिसऱ्या पायरीपर्यंत” असे प्रसिद्ध झाले होते. ते “घरात” असे वाचावे.’

तिने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“कधी येईल?”

“रविवारी.”

“मग रविवारी मासळी आणते,” ती म्हणाली, आणि छत्री उचलून निघाली.