दुसऱ्याचे टाके

मी शिंपी. हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी पट्टी उचलून सर्जनची शिलाई बोटाने चाचपून बघितली. राहवेना. टाके चक्क तिरके! शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर होता, त्याचं अपेंडिक्स काढलेलं. त्यानेही आपली पट्टी वर केली.

"मास्तर, माझी बघा की."

मी टाक्यांवरून बोट फिरवलं. "तुझी फिटिंग झकास आहे."

आम्ही खूप हसलो. हसलं की टाके ओढायचे, तरी हसलो. माझी जखम तेव्हाच ओली झाली होती, पण हात धुवायचं काही डोक्यात आलं नाही. भिंतीवर तशी पाटी होती. पाट्या वाचतो कोण?

आता आम्ही दोघं एका बंद खोलीत आहोत. दोघांना एकच जंतू, म्हणून एकत्र ठेवलंय. खिडकी उघडत नाही. नर्स गाऊन-हातमोजे चढवून येते आणि जाताना दार ओढून घेते. रिपोर्ट साफ येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यात असं बऱ्याच जणांना होतं. दोष कुणाला देणार?" मी माझ्या बोटाकडे बघितलं.

ड्रायव्हरची लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती. तिला विमानतळावर सोडायला तो जाणार होता. आज दुपारी तिचा फोन आला.

"हो गं, जेवलो. पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव. छे, रडतोय कुठे?"

फोन ठेवून तो भिंतीकडे बघत बसला.

"हे तुला माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "माझ्या जखमेचा हात तुझ्या जखमेला लागला."

तो वळला. आता हा माझा उद्धार करणार, असं मी धरून चाललो होतो.

"काहीतरीच काय, मास्तर! डॉक्टर म्हणाले ना, कितीतरी जणांना होतं."

"अरे, पण माझंच बोट..."

"उगाच मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सोबत आहात म्हणून बरं. एकट्याला इथं वेड लागलं असतं."

मी पुन्हा सांगितलं. त्याने ऐकूनच घेतलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. तो उठला, पोट धरत माझ्या खाटेपर्यंत आला आणि माझं पांघरूण नीट करून गेला.