कोटाखाली मावलं तर

वांडाबाईंचं जेवणाचं टेबल त्यांच्या थोरल्या मुलाने, जेरीने, एका ओंडक्याच्या बदल्यात देऊन टाकलं. तेही बाई डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला गेल्या असताना. पट्टी सुटली तेव्हा टोलेडो शहरातलं सगळं त्यांना लख्ख दिसायला लागलं, फक्त स्वयंपाकघराच्या मधोमध टेबल तेवढं दिसेना.

"जेरी, टेबल कुठंय?"

"आई, आधी बस तरी."

"कुठे बसू? मधली जागा रिकामी. खुर्च्यांभोवती फेर धरू?"

जेरी हसला. मुलगा असा हसला की काहीतरी हातचं गेलंय हे बाईंना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. तो त्यांना हाताला धरून गराजात घेऊन गेला.

हे गराज म्हणजे जेरीचं देवघरच. त्याच्या तरुणपणी गावाबाहेर, टायरच्या दुकानाला लागून 'लगून लेलानी' नावाचं हॉटेल होतं. पालथ्या होडीसारखं छप्पर, आत बांबू, कागदी फुलं, नारळाच्या करवंट्या, आणि खिडकीमागे दर अर्ध्या तासाला खोटा पाऊस. समुद्र कधी न बघितलेली माणसं तिथे जाऊन बेटावर आल्यासारखी अननसाची दारू प्यायची. हॉटेल पाडून कधीच सपाट झालं, पण त्याचं वेड काही जणांच्या डोक्यातून निघेना. जेरी त्यातला पहिला. हिवाळाभर लोकांच्या घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायच्या आणि पैसा हातात आला की लगूनचं भंगार घरी आणायचा. काडेपेट्या, मेनू, फुगलेल्या माशांचे दिवे, पुरुषांच्या मुतारीतलं शिंपल्याच्या आकाराचं बेसिन, सगळं गराजात. पावसाची खिडकीसुद्धा. बाहेर दोन मोटारी बर्फात गाडलेल्या आणि आत ढगांचा गडगडाट!

आणि आता मधोमध तो ओंडका, बेटावरच्या देवासारखा कोरलेला. आठ फुटांचा, चाकांच्या फळीवर उभा. बटाट्यासारखं नाक, फावड्याएवढे दात.

"हा लगूनच्या दारात उभा असायचा, आई. माझ्यासारखाच लगूनवेडा तो ड्वाइट, त्याच्याकडे होता. त्याची बायको म्हणाली, घरात उपयोगी पडेल असं काहीतरी आणा, मगच हा बाहेर जाईल. म्हणून…"

"म्हणून माझं टेबल."

"मी तुला घडीचं आणून देतो ना. प्लास्टिकचं. पुसायला सोपं."

वांडाबाईंनी ओंडक्याकडे बघितलं, मग मुलाकडे. दोघांपैकी जास्त अक्कल कोणाच्या चेहऱ्यावर आहे ते त्यांना लगेच कळलं.

त्या ओकच्या टेबलावर त्यांनी सहा पोरं जेवू घातली होती. त्यांचा नवरा स्टॅन गेला त्या दिवशी सगळी बिरादरी त्याच टेबलाभोवती बसली होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की चुलत-मावस सगळे त्यावर जेवायचे, आणि न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडलं जायचं. त्यांच्या आईने पोलंडातून येताना दागिना आणला नाही, ही रीत आणली.

"सारणाच्या पिएरोगी कशावर लाटू यंदा? तुझ्या पाठीवर?"

बाईंनी ड्वाइटला फोन केला. ड्वाइट म्हणाला, "वांडाबाई, अदलाबदल ती अदलाबदल. ओंडका परत आणा, टेबल घेऊन जा." जेरी म्हणाला, "जीव माग, ओंडका नाही." झालं. नाताळ तोंडावर, आणि टेबल ड्वाइटच्या घरी.

एक दिवस जेवताना, म्हणजे मांडीवर बशी घेऊन, जेरीने डिसेंबरच्या मेळाव्याची गोष्ट काढली. लगूनवेड्यांचं एक मंडळ होतं आणि यंदा मेळावा त्याच्या गराजात होता. त्या मंडळाचा एक नियम होता. लगूनमध्ये जेवायला गेलेला प्रत्येक माणूस येताना कोटाखाली एक मग चोरून आणायचा, आणि सगळ्यांचे संग्रह तिथूनच सुरू झाले. त्या चोरीची आठवण म्हणून मेळाव्यात पाहुण्याला यजमानाची एक वस्तू पळवायची मुभा. वस्तू अंगावरच्या कोटाखाली मावली, कोटाची बटणं लागली आणि पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला, की वस्तू त्याची. यजमानाने हसून 'अलोहा', म्हणजे बेटावरचा रामराम, म्हणायचं आणि गप्प बसायचं.

"मग तुझं काय काय जाणार?" जेरीची बायको कॉलीन म्हणाली. तिच्या आवाजात काळजीपेक्षा आशाच जास्त होती.

"लहान वस्तू कुलपात. मोठ्या कोण नेणार?"

वांडाबाई घास चावत होत्या. "कोट कसलाही चालतो?"

"कसलाही."

"स्वतः शिवलेला?"

"तुला काय करायचंय, आई?"

"काही नाही बाई, विचारलं."

आता, वांडाबाईंचा जन्म गेला होता दुकानांची कापडी छतं आणि तंबू शिवण्यात. त्या जेरीकडे राहायला आल्या तेव्हा त्यांचं कारखान्यातलं जाडं मशीन टेबलाबरोबरच या घरात आलं होतं, आणि ते कोणी मागितलं नव्हतं एवढं नशीब. दुसऱ्या दिवसापासून वरच्या खोलीत खडखडाट सुरू झाला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड जिन्यापर्यंत लोळायला लागलं.

"काय शिवतेस?" जेरीने खालूनच विचारलं.

"बागेतल्या बाकड्यांना झाकण!"

त्याचं समाधान झालं. कॉलीनचं नाही झालं. ती वर गेली, कापड उलगडून बघितलं आणि म्हणाली, "आई, बाकड्याला कॉलर?"

"थंडी फार आहे यंदा."

कॉलीनने कापडाकडे बघितलं, मग खिडकीतून बर्फात रुतलेल्या आपल्या मोटारीकडे. संध्याकाळी ती बशीएवढी बटणं घेऊन आली आणि सासूच्या मशीनवर ठेवून गेली.

मेळाव्याच्या दिवशी गराज तुडुंब. आत फुलाफुलांचे सदरे, वर जाडजूड कोट. भट्टी भणभणत होती, सगळे घामाघूम, पण कोट काढायला एकही तयार नाही. कोणी हललं की कोणाच्या तरी कोटातून खणखण. मंडळाचे अध्यक्ष टीटर, म्हातारे औषधवाले, लगूनची पितळी घंटा गळ्यात अडकवून दारापाशी बसलेले. निवाडा त्यांचा. जेरी ओंडक्यापाशी उभा राहून येईल त्याला अननसाची दारू देत होता. मध्येच बर्फ संपला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

परत आला तर ओंडका नाही. त्याच्या जागी वांडाबाई, अंगात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कोट. पुढून बाई, आणि मागून कोट उंच उंच गेलेला, छताच्या बांबूला टेकलेला. गळ्यापासून पायापर्यंत बटणं लावलेली.

"आई!"

"काय?"

"हे काय घातलंस?"

"कोट. डोळ्याचं ऑपरेशन माझं झालं की तुझं?"

जेरी अध्यक्षांकडे धावला. "टीटरसाहेब, हा तंबू आहे!"

टीटर चष्मा सावरत उठले. "दोन बाह्या. कॉलर. बटणं."

"खिसाही आहे," बाई म्हणाल्या आणि खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. "तंबूला खिसा असतो?"

"पण ती मंडळाची सभासद नाही! सभासदाकडे लगूनचा चोरलेला मग लागतो!"

बाईंनी दुसऱ्या खिशात हात घातला. बाहेर आला एक हिरवा मग, त्यावर नाचणारं माकड. कोणाच्या तरी हातातला पेला कलंडला.

"माकडवाला?" ड्वाइट पुटपुटला. "हा तर कोणीच बघितला नाहीये!"

"स्टॅनने लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या पर्समध्ये कोंबला होता. माझी कवळी रात्री यातच असते. जेरी, बाथरूममध्ये रोज सकाळी तू याच्या शेजारीच दात घासतोस."

"मी… मी त्यात दात असल्यामुळे कधी नीट बघितलंच नाही."

टीटरनी वाकून कोटाची खालची कड तपासली. "वांडाबाई, कोटाखाली चार पाय दिसतायत."

"म्हातारपण आहे. दोन पुरत नाहीत."

जेरीही वाकला. दोन बूट त्याच्या ओळखीचे होते. "कॉलीन! तू आत आहेस?"

"नाही," कोट म्हणाला.

टीटरनी बराच वेळ विचार केला. तेवढ्यात खिडकीमागे पाऊस सुरू झाला, गडगडाट झाला. मंडळाच्या मते तो कौलच. "वस्तू कोटाखाली आहे," ते म्हणाले. "बटणं लागली आहेत. वस्तूबरोबर आणखी कोण कोटाखाली आहे, याबद्दल नियमात काही नाही." आणि त्यांनी घंटेवर टोला दिला.

वांडाबाई निघाल्या. चाकं कुरकुरली, मागून कॉलीनचं धापा टाकणं ऐकू येत होतं. लोकांनी वाट करून दिली. उंबऱ्यावर चाक अडलं. बाई थांबल्या, मागे वळून न बघता म्हणाल्या, "जोर लाव गं." आणि कोट, बाई, सून, ओंडका सगळं धडदिशी बर्फात.

"अलोहा," जेरी म्हणाला. हसायचं असतं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ड्वाइट मागोमाग पळत आला. "वांडाबाई, बोललो तसं! ओंडका माझा, टेबल तुमचं! आत्ता गाडीत घालतो!"

त्याच्यामागून त्याची बायको मार्जरी आली. "ड्वाइट, तो ओंडका घरात आला तर मी घराबाहेर." मग तिने वांडाबाईंचा हात धरला. "बाई, टेबल उद्या सकाळी पोचतं करते. फुकट. माझे भाऊ आणून देतील. फक्त हा दात विचकणारा मेला तुमच्याकडेच ठेवा."

"पण मी—" ड्वाइट म्हणाला.

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. कोटातूनही कोणीतरी म्हणालं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली आणि ओकच्या टेबलाभोवती सगळी बिरादरी बसली. पिएरोगी, बीटचं सार, मासे. न बोलावता येणाऱ्या पाहुण्याच्या ताटासमोर, टेबलाच्या टोकाशी, पट्ट्यापट्ट्यांचा कोट घालून ओंडका उभा. बटणं बाईंनी दोऱ्याने पक्की शिवून टाकली होती, कॉलरमधून फक्त दात बाहेर.

जेरी बराच वेळ चुळबुळला. शेवटी म्हणाला, "आई, जेवणं झाली की याला परत गराजात नेऊ?"

वांडाबाईंनी ओंडक्याच्या ताटात दोन पिएरोगी वाढल्या.

"एवढा मोठा कोट आहे तुझ्याकडे?"