रिकामा तळहात

भूकंपात आमचं घर गेलं, सहा वर्षांची लेक मंजुश्री गेली; पण ह्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग कधी उतरलं नाही. ते उतरवलं नांदेडच्या दवाखान्यात. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती, मांडीतून बारीक नळी घालून ती बंद करायची होती. "दोन दिवसांनी घाला," नर्स म्हणाली. मी पदराच्या गाठीत बांधून ठेवलं, पण मनाला मुळीच पटलं नव्हतं.

शुद्धीवर आल्या आल्या ह्यांनी डावा हात पुढे केला. रोज सकाळी ह्याच तळहातावर लिंग ठेवून पूजा करायची सवय. "दे इकडं." मी गाठ सोडत होते, तोवर हे तळहाताकडे बघून हसले, मान झुकवली. "देव दिसला. बरं वाटलं."

तळहात रिकामा होता.

डॉक्टर समजावत होते. नळीतून सोडलेल्या औषधाने मेंदूचा बघायचा भाग सुजलाय, दोन-तीन दिवसांत नजर येईल; तोवर आपल्याला दिसत नाही हे त्यांचं त्यांनाच कळणार नाही. लातुरात ज्या बसवंत सरांच्या गणिताच्या क्लासला पोरं दाराबाहेर उभी राहून शिकतात, तो माणूस आंधळा, आणि त्याला पत्ताच नाही! मला रडू येईना, रागच आला.

संध्याकाळी हे दाराकडे तोंड करून म्हणाले, "गौरम्मा, मंजू कवाची उभी हाय. आत घे की तिला. फ्रॉक लई मळलाय."

इतक्या वर्षांत ह्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. आजार बोलतोय, असं मी स्वतःला दटावलं. तरी विचारलंच, "काय म्हणतीय?"

"घरी चला म्हणतीय."

कोणत्या घरी, हे विचारायची छाती झाली नाही. नर्सला न जुमानता मी लिंग ह्यांच्या गळ्यात घातलं आणि डोळे परत दे म्हणून शिवाला विनवत बसले. नजर आली की ती जाईल, एवढंच मला कळत होतं.

नजर आली. ह्यांनी बोटं बरोबर मोजली, भिंतीवरचं बारीक अक्षर वाचलं, माझे केस पिंजारलेत म्हणून चिडवलंसुद्धा. मी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले.

लातूरला निघालो. गाडीत मागच्या सीटवर मी आधी बसले. हे दार धरून उभेच राहिले, चांगल्या, स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे बघत.

"सरक की जरा. लेकरू कुठं बसंल?"

मी सरकले.