भेटीची खोली

त्या तुरुंगात गर्दी इतकी झाली होती, की शेवटी ढेकणांनीच बदलीचे अर्ज केले म्हणतात. कैदी झोपत ते कुशीवर. पाठीवर झोपायची चैन परवडत नव्हती. एकाला कूस बदलायची तर अख्ख्या बराकीला बदलावी लागे. त्या कामावर एक म्हातारा कैदीच नेमलेला होता. तो ‘हंऽऽ’ म्हणाला की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माणसं एकदम वळत, आणि बाहेरच्या पहारेकऱ्याला वाटे, भूकंप झाला. एकाचं स्वप्न अर्धवट तुटलं तर उरलेलं शेजाऱ्याला पडे. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं खुशाल आत जाऊन बघावं. जागा मिळाली तर!

सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. सरकारकडे नियोजन शाखा होती, आणि शाखेत चौरसकाका होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच उच्चारलं जाई. एरवी माणूस दिसला की त्याला किती चौरस फूट लागतील, हे काकांच्या डोक्यात आधी येई आणि ‘या, बसा’ नंतर. मागे एका साहेबाच्या हुकमावरून त्यांनी व्हरांडे, जिन्याखालच्या जागा आणि एक रिकामं कोठार ‘झोपण्यायोग्य’ म्हणून मोजणीत धरलं होतं. त्या दुपारी कागदावरची गर्दी निम्म्यानं उतरली. जागचा एकही माणूस हलला नव्हता. साहेबाला बढती मिळाली. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

या खेपेला मात्र खरोखरच नवा तुरुंग बांधला जात होता. पार मिठाच्या माळावर. जुन्या तुरुंगातली निम्मी माणसं तिकडे न्यायची होती. कुठली निम्मी, यावर बैठक बसली.

“उंच उंच निवडा,” हिशेबनीस म्हणाला. “लांब माणसं जागा फार खातात.”

“तुमच्यासारखी आडवी खात नाहीत का?” मुख्य साहेबांनी विचारलं. सगळे हसले. हिशेबनीसही हसला, पण पोट आत घेऊन.

काका हसले नाहीत. म्हणाले, “साहेब, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, त्यांना आधी पाठवू. ज्यांची आईबापं, बायकापोरं येतात त्यांना लांब नेलं, तर शिक्षा घरच्यांना होईल. ज्याचं कुणी येतच नाही, त्याला काय, इथं काय नि तिथं काय.”

साहेबांनी चष्मा काढला. “काका, मोजपट्टीला काळीज असतं हे आज कळलं.” मग जरा चाचरत म्हणाले, “पण तुमचा... तुमचाही मुलगा तिथंच ना?”

“त्याच्याकडे माणूस जातं,” काका एवढंच म्हणाले.

दारू पिऊन मुलानं गाडी चालवली होती, आणि रस्त्याकडेला पंक्चर काढत बसलेला एक माणूस जिवानिशी गेला होता. निकाल लागला त्या दिवशी काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, “त्या तुरुंगाच्या दारात पाऊल टाकलंस तर मला मेलेलं बघशील.” स्वतः तर ते जाणार नव्हतेच. बापाचा राग. तो एकदा बसला की उठायला त्याला कुणाचा तरी हात लागतो, आणि हात मागायला तर राग तयार नसतो.

पण काकूंना थोड्याच दिवसांत गुडघ्याचं दुखणं लागलं. दर गुरुवारी डॉक्टर. गुरुवार हा तुरुंगात भेटीचा वार, हे काकांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार? ते ओळखून होते. संध्याकाळी पेपरामागून विचारत, “काय म्हणतो गुडघा?”

“बरा आहे,” काकू म्हणत. कधी, “जरा सुजलाय.” एकदा थंडीत, “फार ठणकतोय हो.” त्या रात्री काकांनी पांघरूण घेतलं नाही. बायकोनं शपथ मोडली याबद्दल मनातल्या मनात त्यांनी तिचे किती आभार मानले, त्याला माप नव्हतं.

नियम मंजूर झाला. काही महिन्यांनी, बांधकाम पुरं होताच, जुन्या तुरुंगाच्या जेलरचा फोन आला.

“काका, पुढच्या सोमवारी पहिली गाडी निघतेय. त्यात तुमचा मुलगाही आहे. म्हटलं, कानावर घालावं.”

“चूक झालीय तुमची. त्याची आई येते की दर गुरुवारी!”

पलीकडे जेलर घुटमळला. “नाही हो. इतक्या दिवसांत त्याच्याकडे कुणी म्हणजे कुणीच आलेलं नाही.”

काका भरदुपारी घरी गेले. काकू शेंगा सोलत होत्या.

“गुरुवारी तू जातेस कुठं?”

“डॉक्टरकडे.”

“अगं, पुरे! मला सगळं माहीत आहे. पण तो जेलर म्हणतो, तू आत येतच नाहीस!”

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आत कशी जाईन? तुम्ही शपथ घातलीत ना, दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहते. भेटीची वेळ संपेपर्यंत. मग येते.”

“आणि गुडघा? बरा आहे, सुजलाय, ठणकतोय... ते काय होतं?”

“गुडघाच होता की!” काकू म्हणाल्या. “इतकं उभं राहून दुखणार नाही तर काय? तुम्ही काळजीनं विचारायचात, म्हणून खरं ते सांगायची मी.”

काका तिथंच, शेंगांच्या सालींवर बसले. म्हणाले, “सुटली शपथ. चल.”

गुरुवारी दोघं गेली. भेटीच्या जागी इकडून जाळी, तिकडून जाळी, आणि मध्ये हातभर अंतर. दोन्हीकडे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून ओरडत होती. कुणी खटल्याचं ओरडत होतं, कुणी बाळाच्या दाताचं. मुलगा आला आणि या दोघांना बघून त्यानं आधी मागे वळून पाहिलं. वाटलं असावं, दुसऱ्याच कुणाकडे आलीत.

“सोन्या!” काकूंनी जाळीत बोटं घातली. “मी दर गुरुवारी येत होते रे! समोर, फुटपाथवर!”

“कुठं?”

“फुटपाथवर! बाहेर!”

“बाहेरचं इथून दिसत नाही गं आई,” तो म्हणाला. तोही ओरडूनच, दुसरा इलाज नव्हता.

जेलर स्वतः जवळ आला. काकांना म्हणाला, “आज भेट झाली. नियमानं आता त्याला इथं ठेवता येईल. तुम्ही हो म्हणा, गाडीच्या यादीतून नाव काढतो.”

“हो तर!” काका म्हणाले.

“नको,” मुलगा म्हणाला.

“अरे, इथं आई येईल. मी येईन!”

“बाबा, मला जायचंय.” त्यानं कपाळ जाळीला टेकवलं. “गुरुवारी इथं एकेकाचं नाव पुकारतात. मी सकाळीच केस विंचरून बसतो. शेवटचं नाव होईपर्यंत बसतो. तिथं कुणाकडे कुणी येत नाही म्हणे. मग नावंच पुकारत नसतील.”

“आता पुकारतील ना तुझं!”

“पुकारतील. आणि एखाद्या गुरुवारी नाही पुकारलं तर?” तो हसल्यासारखं करत म्हणाला, “मला ते परत नाही जमणार, बाबा. रागावू नका.”

घंटा झाली. काकूंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. “जाऊ दे त्याला. तो मागतोय.”

काकांनी जेलरकडे बघून ‘जाऊ द्या’ अशी नुसती मान हलवली.

बाहेर येताच काकू म्हणाल्या, “आपण जाऊ तिकडे. नावबिव नाही पुकारलं तरी चालेल. महिन्यातून एकदा तरी.”

काका चालायचे थांबले. “तिथं भेटीची खोलीच नाहीये गं.”

“म्हणजे?”

“जिथं कुणी येणारच नाही, तिथं खोली कशाला? मीच नकाशातून काढून टाकली. तिथं आणखी माणसं बसवली.”

काकू दुखऱ्या गुडघ्यानं पुढे चालू लागल्या. 

दुसऱ्या दिवशी काका साहेबांसमोर उभे होते. साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. “काका, पुढच्या आराखड्यात नक्की घालू. पण आत्ता? सगळी जागा दिलेली आहे, आणि ती तुम्हीच दिलीत.”

काकांनी नव्या तुरुंगाचा नकाशा टेबलावर पसरला आणि जागा शोधायला बसले. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं जिन्याखालून माणसं राहतील एवढी जागा काढून दाखवली, त्याला आता एक खोली सापडेना. जिथं पेन्सिल टेकवावी तिथं कुणी ना कुणी झोपलेलं. एक खोली करायची तर वीस जणांना उठवून परत त्या कुशीवरच्या गर्दीत धाडायचं. उठवणार कुणाला? त्यांच्याकडे कुणी येत नाही, म्हणून? ते रेघ ओढत आणि खोडत राहिले. कागद तिथं इतका झिजला, की पलीकडचं टेबल दिसायला लागलं. अखेर फाटकाच्या आत, पहारेकऱ्याच्या चौकीमागे, एक कोनाडा निघाला. साहेबांनी न बघताच सही केली.

काका घरी आले. काकू दारातच होत्या.

“मिळाली जागा,” काका म्हणाले. “बसता नाही येणार. पण दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकतील.”

“दोन?” काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. “तिघं आहोत ना आपण?”

काकांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

“मी बाहेर थांबत जाईन,” ते म्हणाले.